बिनउंबरठ्याचं दार

सोनुनबू म्हातारी गेल्या हिवाळ्यात गेली. पोरं रशियात, सुना रशियात, आणि म्हातारीच्या धुराड्यातून धूर निघत नाही हे एवढ्या मोठ्या गावात कुणाला दिसलं नाही. दिसलं तेव्हा चुलीजवळच्या बादलीतलं पाणी तळापर्यंत गोठलं होतं. मातीला सगळं गाव आलं, बायका गळे काढून रडल्या, पण परत फिरताना कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला कालीपा मास्तरीण उभी राहिली आणि म्हणाली, की आता रडून झालं असेल तर एक घर बांधू या. गावाचं घर. तिथे नर्स बसेल, म्हाताऱ्यांना दुपारचा गरम घास मिळेल, पेन्शनसाठी कुणाला हेलपाटे घालावे लागणार नाहीत, आणि ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांनाही चार माणसांत आणून बसवता येईल. लाज ताजी होती, त्यामुळे कुणी नाही म्हटलं नाही.

जर्दाळू उतरवून झाले तशी इर्जिक सुरू झाली. घरटी एक माणूस, ज्याला जे येतं ते त्यानं करायचं, आणि जेवण गावाचं. कुणी चिखल तुडवला, कुणी विटा पाडल्या, बायकांनी घरच्या कढया आणून बाहेर चुली मांडल्या. चौकटी आणि दारं अर्थातच जुमाकादिर उस्ताकडे आली. सरोवराच्या या काठाला सुतार पुष्कळ, पण उस्ता म्हणून हाक मारावी असा हाच. निम्म्या गावाच्या घरांत माणूस शिरतो तो त्याच्या हातच्या चौकटीतून. त्याचा उंबरठा चांगला वीतभर उंच असायचा. उंबरठ्यावर पाय द्यायचा नसतो, तो ओलांडायचा असतो, आणि ओलांडताना खाली बघावं लागतं म्हणून मान आपोआप झुकते. घराला मान देण्याची ही रीत, असं तो सांगायचा, आणि सांगताना त्याची स्वतःची मान जरा ताठ व्हायची.

भिंती कमरेला आल्या त्या दिवशी कालीपा शहरातून आलेला नकाशा घेऊन कामावर आली. माणसं पाणी प्यायला थांबली होती. तिनं नकाशा विटांच्या ढिगावर पसरला आणि दारावर बोट ठेवलं. हे दार जमिनीला सपाट ठेवायचं, उंबरठा नको, कारण चाकांच्या खुर्च्या येणार आहेत, असं तिनं सांगितलं.

दोन-चार नजरा जुमाकादिरकडे वळल्या आणि लगेच दुसरीकडे गेल्या. त्या का वळल्या हे त्याला बरोबर कळलं. आता कुणीतरी काही बोलणार, कुणीतरी नाव घेणार, असं वाटून त्याच्या आधी तोच बोलून गेला.

"बिनउंबरठ्याचं दार गोठ्याला असतं, एजे. मेंढरं हाकायला बरं पडतं."

माणसं खो खो हसली. हसायला मिळालं म्हणून त्यांनाही सुटल्यासारखं झालं. ओस्मोनाली अक्सकाल गावात सगळ्यात वडीलधारा, त्यानंही पांढरी दाढी चोळत मान हलवली आणि उस्ता म्हणतो त्यात तथ्य आहे, म्हणाला. वडीलधाऱ्यांच्या घराला उंबरठा नसेल तर लोक काय म्हणतील? झालं, ठरलं. कालीपा जुमाकादिरकडे बघत राहिली. मोठी बहीण म्हणून सगळा गाव तिला एजे म्हणतो. निम्म्या गावाचा कान तिनं पिळलेला आहे. पण त्या दिवशी ती नकाशा गुंडाळून निघून गेली.

दुपारी मेंढीचं मटण वाढलं तेव्हा खुब्याचं हाड, जे कायम सगळ्यात वडील माणसाकडे जातं, ते ओस्मोनालीनं आपल्या पुढचं उचलून जुमाकादिरच्या पानात ठेवलं. ज्याचं दार त्याला मान, असं म्हणाला. सगळे बघत होते. जुमाकादिरनं चाकूनं मांस सोडवलं, शेजाऱ्यांना वाटलं आणि उरलेलं खाल्लं. मानाचं हाड टाकायचं नसतं म्हणून त्यानं ते स्वच्छ करून ठेवलं.

तो घरी पोचायच्या आत त्याचं बोलणं घरी पोचलं होतं. ओढ्यावर आतडी धुणाऱ्या बायकांनी ते आणलं. त्याची बायको आयिमकान दुखऱ्या कमरेला कुत्र्याच्या लोकरीचा पट्टा करकचून बांधून कणीक मळत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"मेंढरं म्हणालात म्हणे."

"ते दाराबद्दल म्हणालो."

"हो तर. दाराबद्दलच." आणि ती पुन्हा मळायला लागली.

मागच्या खोलीतून बेगायिमनं हाक मारली. ती त्याची मुलगी. लग्नाला आलेल्या मुलींच्या वयाची, पण जन्मापासून पायांत जीव नाही, डावा हात छातीशी दुमडलेला, आणि शब्द जरा ओढत ओढत बाहेर यायचे. बोलायचं कमी मात्र ती करत नसे. खिडकीशी लोकरीच्या नमद्यावर बसून ती दिवसभर बांधकामाचा आवाज ऐकायची.

"आज तुमची मोगरी ऐकू आली नाही, आके. बाकीच्यांचं बडवणं ऐकून डोकं उठलं."

आज भिंतींचंच काम होतं, असं त्यानं सांगितलं. तो तिच्याजवळ बसला, तिच्या दुमडलेल्या हाताची बोटं एकेक करून उघडायला लागला. हे तो रोज करायचा.

"उंबरठा केवढा करणार?"

"नाही करणार."

"म्हणजे?"

"उंबरठाच नाही. सपाट दार आहे."

बेगायिम त्याच्याकडे टक लावून बघायला लागली. "मग मला जाता येईल की."

"येईल ना."

ती इतकी हसली, की तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली आणि तिनं ती खांद्याला पुसली. हसणाऱ्या त्या तोंडाकडे बघताना त्याला खोटं बोलल्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते नंतर, हात धुवायला बाहेर गेल्यावर. दाराआडून आयिमकाननं सगळं ऐकलं होतं. तिनं त्याच्या हातावर पाणी घातलं आणि भांडं जरा जोरात खाली ठेवलं.

असं नव्हतं की त्याचा लेकीवर जीव नव्हता. लहान होती तेव्हा तो तिला खांद्यावर बसवून बाजारात न्यायचा, ती त्याच्या टोपीवर जर्दाळूच्या बिया ठेवायची. मग थोरल्या मुलाचं लग्न ठरायची वेळ आली. मुलीकडची माणसं घर बघायला येणार होती. कुणीतरी म्हणालं, पहिल्याच भेटीत कशाला दाखवता? म्हणून बेगायिमला मागच्या खोलीत बसवलं आणि पाहुणे असेपर्यंत खोकू नको म्हणून सांगितलं. ती खोकली नाही. लग्न झालं, मुलगा आणि सून रशियाला गेले, पाहुणे केव्हाच घरी पोचले. बेगायिम मागच्या खोलीतच राहिली. तिला कुणी तिथे कोंडलं नाही, आणि बाहेरही कुणी आणलं नाही. काही वर्षं आयिमकान उन्हाळ्यात तिला पाठुंगळी घेऊन उंबरठा ओलांडायची आणि अंगणात बसवायची. मग आयिमकानची कंबर गेली आणि तेही थांबलं. घरात जुमाकादिर तिला भरवायचा, तिची नखं कापायचा, तिचे टोमणे ऐकायचा. उंबरठ्याबाहेर पडला, की मात्र त्याला मुलगी नसायची. वाटेत कुणी परक्यानं मुलंबाळं विचारली तर तो सांगायचा, एक मुलगा आहे, रशियात असतो.

चौकटीचं काम चढलं. जुमाकादिर इतका राबला, की लोकांनी वाहवा केली. पहाटेच येई, सगळ्यांच्या मागून जाई. उंबरठ्यासाठी त्यानं स्वतःच्या परड्यातलं वठलेलं जर्दाळूचं खोड आणलं. ते लाकूड म्हणजे दगड. रंध्याची पाती बोथट व्हायची आणि तो पुन्हापुन्हा धार लावायचा. दोन्ही टोकांना लांब कुसू काढून त्यानं ते चौकटीच्या खांबांत असं बसवलं, की हत्ती लावला तरी निघू नये. हात कामात असले म्हणजे डोकं गप्प बसतं असा त्याचा अनुभव होता. या वेळी ते गप्प बसेना.

कुसू ठोकत असताना कालीपा आली. आसपास कुणी नव्हतं. ती विटांवर बसली आणि बराच वेळ त्याचे हात बघत राहिली.

"उस्ता, अजून वेळ गेलेली नाही."

मोठ्यांनी ठरवलंय, तो म्हणाला. आपल्या हातात काही नाही.

"मोठे तुझ्या तोंडाकडे बघत होते. सगळेच बघत होते. मीच बोलले असते, पण म्हटलं तुझ्या घरातलं आहे, तूच बोलावंस."

जुमाकादिरनं मोगरी खाली ठेवली नाही. "माझ्या घरात काय आहे?"

त्याला वाटलं ती आता भडकेल, मास्तरीण आहे, चांगली खरडपट्टी काढेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिनं फक्त "बरं" म्हटलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि परकर झटकून निघून गेली. जुमाकादिर कुसवाकडे बघत उभा राहिला. आपल्या तोंडून काय निघालं ते त्याला नीट ऐकू आलं होतं. वाऱ्यावर सरोवराचा खारट वास येत होता आणि त्याला कुठेतरी जाऊन बसावंसं वाटत होतं, पण त्यानं पुन्हा मोगरी उचलली.

डोंगरावर पहिलं बर्फ दिसायला लागलं तेव्हा घर उभं राहिलं होतं. नर्ससाठी पलंग आला, चहाचा मोठा समोवार आला, आणि शहरातून आलेल्या गाडीतून चाकांच्या खुर्च्या उतरल्या. खुर्च्या बघायला सगळे गोळा झाले, तेवढ्यात जुमाकादिर मागच्या बाजूला झडपा लावायला गेला. त्यातली एक खुर्ची कालीपानं कुठे पाठवली ते त्यानं पाहिलं नाही. ते त्याला संध्याकाळी घरी गेल्यावर कळलं.

बेगायिम खुर्चीत बसून घरभर फिरत होती. एका हातानं फिरवते म्हणून खुर्ची सारखी गोल वळायची आणि कुठेतरी आदळायची. एक वाडगा फुटला होता, पेटीचा कोपरा टवका उडून पांढरा झाला होता, आणि आयिमकान भिंतीला टेकून डोळे पुसत हसत होती. बापाला बघताच बेगायिमनं खुर्ची त्याच्या नडगीवर आणून आपटली.

"शुक्रवारी दार उघडणार म्हणे. मी येणार. पहिली मीच जाणार आत."

"गर्दी असेल."

"असू दे. मला गर्दी बघायचीच आहे."

गारठा असेल, रस्ता खडबडीत आहे, नंतर कधीतरी निवांत जाऊ, असं काय काय तो म्हणत राहिला. ती ऐकतच नव्हती. आयिमकाननं फुटलेल्या वाडग्याचे तुकडे गोळा केले, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि तुकडे बाहेर टाकायला गेली. उंबरठ्याबद्दल ती लेकीला अजून एक शब्द बोलली नव्हती. त्याचं खोटं तिनं त्याच्यावरच सोडून दिलं होतं.

शुक्रवारी उजाडता उजाडता तो करवत आणि पटाशी कोटाखाली घालून निघाला. कुणी यायच्या आत उंबरठा कापून टाकायचा, सफाईदार करायचा, विचारलं तर लाकूड तडकलं होतं म्हणून सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण तिथे माणसं त्याच्या आधी आली होती. कुणी चुना मारत होतं, कुणी मेंढी सोलत होतं, आणि ओस्मोनाली अक्सकाल खुद्द दारात उभा राहून दोघा पाहुण्यांना उंबरठा दाखवत होता. नुकतंच त्यानं दाराला बाता, म्हणजे आशीर्वाद, देऊन उंबरठ्याला चरबीचा हात लावला होता. जर्दाळूचं तांबूस लाकूड चकाकत होतं.

"हा बघा आमचा उस्ता. असा उंबरठा आसपास कुणाकडे आहे?"

पाहुण्यांनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. कोटाखाली करवतीचे दात त्याच्या बरगडीला टोचत होते. तो नीट सरळ उभाही राहू शकत नव्हता. पाहुण्यांना वाटलं, केवढा नम्र माणूस आहे. मग कुणीतरी त्याला बाकं उचलायला बोलावलं आणि तो गेला. करवत त्यानं फळ्यांच्या ढिगामागे सरकवून ठेवली.

लोक जमले. म्हातारे चांगल्या टोप्या घालून आले, म्हाताऱ्या बायकांनी पांढरे रुमाल बांधले होते. कढईत मटण शिजत होतं, बोर्सोक तळून चादरीवर ओतले होते आणि गरम पिठाचा वास सगळीकडे पसरला होता. जुमाकादिर कढयांजवळ लाकडं सारत उभा राहिला, जिथून दार दिसत नव्हतं. आयिमकाननं ऐनवेळी विचार बदलला असेल, अशी त्याला आशा होती. तेवढ्यात बोलणं एकदम कमी झालं. मान वर न करताच त्याला कळलं.

आयिमकान आणि शेजारीण खुर्ची ढकलत रस्त्यानं आल्या. बेगायिमला लाल रुमाल बांधला होता. कितीतरी लोकांनी तिला वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. पोरांनी तर कधीच नाही. बायका पुढे होऊन तिचा पापा घेत होत्या, केवढी झालीस म्हणत होत्या, आणि ती मान वेळावून सगळ्यांना बघत होती. वाट मोकळी झाली. खुर्ची दारापर्यंत गेली, चाकं उंबरठ्याला टेकली आणि थांबली.

बेगायिमनं खाली वाकून बघितलं. चांगल्या हातानं तिनं लाकूड चाचपलं, चरबी बोटांना लागली ती बघितली.

"जर्दाळूचं आहे," ती म्हणाली. "काम चांगलं आहे."

दोन धट्टेकट्टे पुरुष लगेच पुढे झाले. उचलून आत ठेवतो, हात आत घे, असं म्हणून त्यांनी खुर्चीला हात घातला. तिनं चौकट पकडली ती सोडेना.

"उचलायचं नाही. माझे आके म्हणाले इथे उंबरठा नाही. ते येऊ देत. आके खोटं कशाला बोलतील?"

ती हे मोठ्यानं बोलली नव्हती, पण एवढी शांतता होती की कढयांपर्यंत ऐकू गेलं. गर्दी वळली. जुमाकादिर हातात जळतं लाकूड घेऊन उभा होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावात ज्यांच्या घरांची दारं त्यानं बसवली ती सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि त्या दिवशी हसली होती तीही. आता त्यांना हसता येईना आणि दुसरीकडे बघताही येईना. कालीपा तेवढी जमिनीकडे बघत होती.

त्यानं लाकूड चुलीत सारलं. फळ्यांच्या ढिगामागून करवत काढली आणि गर्दीतून दाराकडे गेला. ओस्मोनालीनं त्याला हातानं अडवलं.

"उस्ता, बाता दिलाय दाराला. आजच्या दिवशी उंबरठा कापतोस? अपशकुन होईल."

"झालाय तो आधीच, अक्सकाल. गोठ्याचं दार मी म्हणालो होतो. दार सपाट पाहिजे आणि कुणासाठी पाहिजे, ते तुमच्या सगळ्यांच्या आधी मला माहीत होतं." त्यानं खुर्चीकडे हात केला. "ही माझी मुलगी आहे. बेगायिम."

सगळ्यांना ते माहीतच होतं. तरी त्याला ते पहिल्यांदा सांगितल्यासारखं सांगावं लागलं. म्हाताऱ्यानं हात खाली घेतला.

तो लेकीच्या पायाशी गुडघे टेकून बसला आणि खांबाला लागून करवत धरली. स्वतःच्याच कामानं त्याला छळलं. लाकूड दाद देईना, चरबीनं पातं घसरायचं, घाम नाकाच्या शेंड्यावरून उंबरठ्यावर टपकायचा. कुणी मदतीला आलं नाही. त्यानं येऊ दिलंही नसतं. मटण निवत होतं आणि यजमान-पाहुणे सगळे उभे होते. भुसा बेगायिमच्या बुटांवर पडत होता. एकदा तिनं चांगला हात त्याच्या टोपीवर ठेवला. तो हात तिथेच राहिला आणि जुमाकादिर खाली मान घालून कापत राहिला. दुसरं टोक सुटताना कालीपानं येऊन तुकडा धरला, आणि तो निघाला तेव्हा तिनं तो चुलीकडे न नेता भिंतीला टेकवून ठेवला. दुसऱ्या दिवशी तिनं तो बाहेर बाक म्हणून बसवून घेतला.

खुर्ची आत गेली. कापलेल्या जागी चाक जरा हिसकलं.

"खडबडीत राहिलंय," बेगायिम म्हणाली.

"उद्या रंधा मारतो."

मग जेवणं झाली. तिला दारासमोरच्या भिंतीशी, मानाच्या जागी, म्हाताऱ्यांच्या ओळीत बसवलं होतं. ती सगळ्यांशी बोलली, दोनदा ठसका लागला, आणि लागला तेव्हा मोकळेपणानं खोकली. खुब्याचं हाड या वेळी कुणी जुमाकादिरच्या पानात ठेवलं नाही, आणि त्यालाही ते बरंच वाटलं. तो दाराशी बसून चहा पीत होता. येणारा-जाणारा प्रत्येक जण सवयीनं तिथे पाय उचलायचा, मग खाली काही नाही हे बघून थबकायचा आणि त्याच्याकडे न बघता पुढे जायचा.

ऊन उतरायच्या आत तिघं घरी निघाली. जुमाकादिर खुर्ची ढकलत होता, करवत त्याच्या काखेत होती. रस्त्यानं जो भेटला त्यानं बेगायिमला हाक मारली आणि तिनं प्रत्येकाला उत्तर दिलं. अंगण ओलांडून ती घराच्या दाराशी आली आणि खुर्ची थांबली. आयिमकाननं नेहमीसारखा पट्टा आवळला आणि खुर्ची उचलायला वाकली.

"थांब, आपा," बेगायिमनं आईला म्हटलं. ती खाली बघत होती. उंबरठा झिजून मधे खोलगट झाला होता, पण होता अजून वीतभर उंच. "हा केव्हा बसवलात, आके?"

"तू व्हायच्या आधी."

"हा कापायला किती वेळ लागतो?"

जुमाकादिरनं उंबरठ्याकडे बघितलं. मऊ पॉपलरचं लाकूड होतं, गरिबीतलं. तो रोज हत्यारांची पिशवी खांद्याला लावून हाच ओलांडून बाहेर पडायचा आणि हाच ओलांडून आत यायचा. इतक्या वर्षांत तो कापावा असं एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं. आयिमकान दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होती, तिलाही उत्तर पाहिजे होतं.

"फार नाही लागत," तो म्हणाला.

बेगायिमनं खुर्ची जरा मागे घेतली, त्याला बसायला जागा केली. त्यानं गुडघे टेकले आणि करवत लावली. मऊ लाकडात पातं सरसर उतरत गेलं, निम्म्यावर गेलं, आणि तरी त्यानं मान वर केली नाही.